कामाच्या माणसाचे इंग्रजी वाक्प्रचार : प्रस्तावना

राहनाळ हे भिवंडी तालुक्यातले, अंजूरफाट्याजवळचे गाव. हा सगळा पट्टा मुळात भातशेतीचा. मुंबईला लागून, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे, मानकोली या गावांच्या शेतांत गोदामे उभी राहत गेली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत. उलट ऑनलाइन खरेदीमुळे त्यांत भरच पडली. शेजारी भिवंडी शहरात यंत्रमागांची खडखड आहेच. त्यामुळे इथल्या तरुणाच्या कानावर दिवसभरात चार-पाच भाषा पडतात. घरात आगरी, शाळेत मराठी, नाक्यावर हिंदी, मागांच्या खात्यात उर्दू आणि तेलुगू. आणि ज्या मोबाइलवर पोट चालते, त्यावर येणाऱ्या कामाच्या सूचना इंग्रजीत.

हे इंग्रजी त्याने शाळेत शिकलेले नसते. तसे आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटले. त्या अभ्यासाने वाक्य शुद्ध लिहिता येते, अर्ज करता येतो. पण बंगळूरच्या किंवा गुरुग्रामच्या कार्यालयातून निरोप येतो, ‘टच बेस विथ द हब टीम’, ‘कीप मी इन द लूप’, ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’. यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, अर्थ मात्र हाती लागत नाही. शब्दकोशात ‘बेस’ पाहिला, ‘लूप’ पाहिला, ‘कोर्ट’ पाहिले, तरी काय करायचे आहे ते कळत नाही. हब टीमशी एकदा बोलून घे, मला वेळोवेळी कळवत राहा, आता पुढची हालचाल तुझ्याकडून हवी, एवढेच सांगायचे असते. या अडचणीतून आमच्या संध्याकाळच्या वर्गात वाक्प्रचार गोळा व्हायला लागले आणि त्यांचे हे पुस्तक झाले.

पुस्तकाची मांडणी कशी असावी हे ठरवले ते एका प्रसंगाने. वर्गात येणारा एक मुलगा गोदामात डिस्पॅचवर होता. सोबतचा एक जण त्याच्या नोंदी मुद्दाम उशिरा पुढे पाठवायचा, चुका त्याच्या नावावर टाकायचा. मुलाची बढती दोनदा हुकली. शेवटी त्याने धीर करून वरिष्ठांना इंग्रजीत लिहिले, ‘ही इज पुलिंग माय लेग.’ उत्तरात एक हसरा चेहरा आला आणि ‘टेक इट इझी’. तो मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आपण तक्रार केली आणि साहेबांनी ती हसण्यावारी नेली, असे त्याला वाटले. साहेबांना मात्र तक्रार पोहोचलीच नव्हती. आपल्याकडे पाय खेचणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली ओढणे. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे थट्टा करणे, तीही प्रेमाची. त्याने लिहिले होते, ‘हा माझी गंमत करतो.’ त्या जागी ‘ही इज ब्लॉकिंग माय वर्क’ एवढे साधे वाक्य पुरले असते, आणि ते त्याला येत होते.

म्हणून या पुस्तकात असे फसवे जोड सगळ्यांत आधी दिले आहेत. शरीराच्या अवयवांवरचे आणि अंगावरच्या कपड्यांवरचे वाक्प्रचार दोन्ही भाषांत उदंड आहेत आणि घात होतो तो तिथेच. बाह्या सरसावणे घ्या. मराठीत माणूस बाह्या सरसावतो तो बहुतेक वेळा भांडायला. इंग्रजीत ‘रोल अप युअर स्लीव्ह्ज’ म्हणजे कामाला भिडणे, आपले कंबर कसणे किंवा पदर खोचणे. साहेबाने सगळ्यांना बाह्या सरसावायला सांगितल्या तर तो कोणाला चिथावत नसतो. उलट ‘माय हँड्स आर टाइड’ आणि ‘माझे हात बांधलेले आहेत’ हे दोन्ही अगदी एकच, ते बिनधास्त वापरावे. ‘अंडर द टेबल’ आणि ‘टेबलाखालून’ यांतही तसूभर फरक नाही. सारखे कोणते आणि सारखे दिसणारे कोणते, हे ज्याला वेगळे करता आले त्याची निम्मी भीती गेली.

आता वाक्प्रचार म्हणजे नुसते नटवणे, सजवणे, असा एक समज शाळेतल्या निबंधांमुळे पसरला आहे. तो मला मुळीच मान्य नाही. वाक्प्रचार कामातून जन्मतात. माणसे जे रोज हाताळतात, त्याच्याच आधाराने मनातले सांगतात. आणि इंग्रजीतल्या कितीतरी वाक्प्रचारांचे मूळ काम भिवंडीत आजही चालू आहे.

‘ऑन टेंटरहुक्स’ हा त्यांतला माझा सर्वांत आवडता. इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड धुऊन झाले की आकसू नये म्हणून ते लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. त्या चौकटीला टेंटर म्हणत. तिच्या कडांना आकडे असत, त्यांत कापडाची किनार अडकवायची आणि ओढून धरायची. उघड्यावर अशा चौकटी रांगेने उभ्या असत. ज्याचे मन असे दोन्हीकडून ताणलेले आहे, काय होईल याच्या काळजीत जो अडकला आहे, तो ‘ऑन टेंटरहुक्स’. अठराव्या शतकापासून हा प्रयोग इंग्रजी पुस्तकांत सापडतो. आज ती चौकट बहुतेक इंग्रजांनी पाहिलेली नसते, म्हणून त्यांच्यातलेही अनेक जण तो चुकून ‘टेंडरहुक्स’ असा लिहितात. भिवंडीचा माणूस मात्र प्रोसेस हाउसमध्ये गेला की ती पाहतो. रंगवलेले ओले कापड ज्या लांबलचक यंत्रातून गरम हवेत वाळत जाते, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवरच्या पिना किंवा क्लिपा कापडाच्या काठाला धरून त्याचा पन्हा कायम ठेवतात, त्या यंत्राला तिथले कामगार स्टेंटर म्हणतात. तो त्या टेंटरचाच वंशज. वर्गात हे सांगितले तेव्हा स्टेंटरवर काम केलेला एक कामगार म्हणाला, कापड क्लिपेतून सुटले की कसे आवळते ते मी पाहिले आहे. त्याला तो वाक्प्रचार पुन्हा सांगावा लागला नाही. आणि मराठीत आपण काय म्हणतो? जीव टांगणीला लागला. निकालाची वाट पाहणारे मराठी आईबाप आणि इंग्रज आईबाप, दोघांचेही जीव टांगलेले.

कापडाचा धागा पुढे कितीही लांबवता येतो. धुण्याचे कपडे चारचौघांत धुवू नयेत असे इंग्रज सांगतो, आपण लक्तरे वेशीवर टांगू नका म्हणतो. तो कापड पाहून कोट बेततो, आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. मोठा झाला तरी आईच्या एप्रनच्या नाडीला बांधलेला मुलगा त्याच्याकडे आहे, आईचा पदर न सोडणारा आपल्याकडे आहे. चोरीच्या तपासात पोलिसांना धागेदोरे सापडतात. इंग्रजीत सापडतो तो ‘क्लू’, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भूलभुलैयातून बाहेर आला तो दोऱ्याचा गुंडा उलगडत ठेवल्यामुळे. हे शब्द कोणी कोणाकडून उचललेले नाहीत. सूत कातणाऱ्या, कापड विणणाऱ्या दोन समाजांना आपापल्या जागी तसेच सुचले.

इथे एका मोहापासून सावध करतो. ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळेच्या सगळे, काही बाकी न ठेवता. नऊ वार ऐकले की मराठी माणसाला नऊवारी आठवणारच, आणि साडीवरूनच हा शब्द इंग्रजांनी घेतला असे ठोकून सांगणारेही भेटतात. त्याला आधार नाही. हा प्रयोग अमेरिकेतला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील नोंदींत कुठे नऊ वार तर कुठे सहा वार असे तो येतो, आणि मुळात वार कशाचे होते हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. वाक्प्रचारांच्या जन्मकथा मोबाइलवर फिरत असतात, त्यांतल्या बऱ्याचशा मागाहून रचलेल्या असतात. या पुस्तकात जिथे उगम पक्का आहे तिथेच तो दिला आहे.

इंग्रजी वाक्प्रचारांना परके मानणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. दोनशे वर्षांपासून ते आपल्या घरात वावरत आहेत. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. आज ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ म्हणणाऱ्या आजीला ही म्हण बाहेरून आली हे सांगूनही पटणार नाही. सिंहाचा वाटा त्याच पोतडीतला. मात्र मराठीत तो थोडा बदलला. इसापचा सिंह सगळी शिकार स्वतःच हडपतो, इंग्रज मिळकतीतल्या मोठ्या हिश्श्याला तसे म्हणतो आणि कामातल्याही. आपण मात्र गावच्या शाळेच्या उभारणीत अमक्याचा सिंहाचा वाटा आहे, असे कौतुकानेच म्हणतो. लाल फीत, पांढरा हत्ती, मैलाचा दगड, हिमनगाचे टोक, एका दगडात दोन पक्षी हे सगळे असेच इंग्रजीतून आले आणि रुळले.

हिरव्या कंदिलाचे मला विशेष वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. ठाणे म्हणजे आमच्यापासून खाडीपलीकडे. पुढे गार्डाच्या हातातला कंदील लोकांच्या रोजच्या पाहण्यातला झाला, आणि परवानगी मिळाली याला मराठीने ‘हिरवा कंदील दाखवला’ म्हणायला सुरुवात केली. इंग्रजी म्हणते ‘ग्रीन लाइट’, नुसता उजेड. मराठीने त्या उजेडाला धरणारी वस्तूही ठेवली. आता कंदील गेले, सिग्नल विजेचे झाले, तरी मंत्रिमंडळ अजून कंदीलच दाखवते. गाडी रुळावर येणे, रुळावरून घसरणे हेही त्याच लोहमार्गाने आले. क्रिकेटने तर रीघ लावली. बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीतून समालोचन केले, लोकांना तो खेळ आपल्या भाषेत ऐकू आला, आणि आज सरकार ‘बॅकफूटवर’ जाते, विरोधकांची ‘विकेट पडते’. यातले काहीही कोणी यादी करून पाठ केले नव्हते. जी गोष्ट जगण्यात आली तिची भाषा आली.

हेच सूत्र उलट्या दिशेनेही लागू करता येते. कामावर जे रोज घडते त्याला जोडलेले इंग्रजी वाक्प्रचार आधी घ्यावेत. ‘अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर’ मी वर्गात असाच शिकवतो. बायबलमध्ये मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, मग दिवसभरात पुन्हा पुन्हा जातो. दिवस संपायला तास उरला असताना जातो, तेव्हाही काही जण उभेच असतात. आम्हाला कोणी कामावर लावले नाही, म्हणतात. दिवसाचे तास बारा धरत, म्हणून तो अकरावा तास, म्हणजे संध्याकाळचे पाचच्या सुमाराचे. त्यांनाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो. मजूर नाक्यावर उन्ह कलेपर्यंत उभी राहिलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला ही गोष्ट दूरच्या देशातली वाटत नाही. इंग्रजी वाक्प्रचारात मजुरीचा भाग गळून गेला, उरला तो ‘अगदी ऐन वेळी’ हा अर्थ. ट्रक निघता निघता कागद आला तर तो ‘अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर’ आला. मराठीत ‘अकराव्या तासाला’ म्हणू नये, ‘ऐन वेळी’ हा आपला चांगला शब्द आहे.

‘कट कॉर्नर्स’ तितकाच गरजेचा, पण जपून वापरायचा. वळणावर कोपरा न घेता तिरके कापून जाणे, यावरून वेळ किंवा पैसा वाचवायला आवश्यक पायऱ्या गाळणे. आपले ‘पाट्या टाकणे’ याच्या जवळचे वाटते, पण पाट्या टाकणाऱ्याला कामात रस नसतो, कोपरे कापणाऱ्याला काहीतरी वाचवायचे असते. गोदामाच्या आगप्रतिबंधक व्यवस्थेबद्दल कोणी हे म्हटले तर तो गंभीर आरोप आहे, सहज बोलून जाण्याची गोष्ट नाही. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा. उद्या किती गाड्या लागतील असे विचारले तर तो देता येतो. शिल्लक मालाच्या मोजणीत देता येत नाही.

वाक्प्रचार कोणापुढे वापरायचा, हे न सांगणारी यादी मला धोकादायक वाटते. बाजारातल्या कितीतरी पुस्तकांत ‘किक द बकेट’ म्हणजे ‘मरण पावणे’ एवढेच छापलेले असते. मराठीत निवर्तले, वारले, देवाज्ञा झाली आणि गचकला हे सगळे मरण्याबद्दलच आहेत. दारात तिरडी असताना कोणी ‘तुमचे वडील गचकले का?’ असे विचारील काय? ‘किक द बकेट’ हा गचकण्याच्याच पंगतीतला. सांत्वनाच्या निरोपात ‘पास्ड अवे’ लिहावे. ‘एक्स्पायर्ड’ आपल्याकडे सर्रास चालते, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला तो औषधाच्या बाटलीवरचा किंवा परवान्यावरचा शब्द लागतो.

असाच दुसरा शब्द ‘पास आउट’. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणजे आपल्यासाठी त्या वर्षी पदवी मिळाली. परदेशी ग्राहकासाठी त्या वर्षी हा माणूस बेशुद्ध पडला. ‘डोन्ट ईट माय हेड’ हे डोके खाऊ नकोस याचे सरळ रूप. भारतात ते सर्वांना कळते, आणि आपसात बोलताना त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. या देशातले इंग्रजी आता आपलेही आहे. फक्त समोरचा कुठला आहे ते पाहावे.

उलट काही वाक्प्रचार शाळेने जिवंत ठेवले आहेत, बोलण्याने नव्हे. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते, इंग्रजी मायबोली असलेल्यांच्या तोंडी ते आज क्वचित येते. ते ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळे होतात. जुलैत गोदामांच्या रस्त्यावर पाणी भरून गाड्या अडकल्या की कळवायला तेवढे पुरते.

राहिला प्रश्न बोलायचे कसे याचा. वाक्प्रचाराचे शब्द हलवायचे नाहीत, ही पहिली अट, आणि मराठी माणसाला ती सांगण्याची गरज पडू नये. नाकी नऊ येतात, ‘नाकाला नऊ’ येत नाहीत, आणि दहा तर नाहीच नाही. हातावर तुरी देऊन कोणी पळतो, डाळ देऊन पळत नाही. तसेच ‘स्पिल द बीन्स’ मध्ये दाणे अनेकवचनीच सांडायचे, एकच दाणा सांडून गुपित फुटत नाही. पण काळ बदलायला हरकत नाही. काल कोणी गुपित फोडले तर ‘स्पिल्ड’.

सुरुवात जिभेने न करता कानाने करावी. एखादा वाक्प्रचार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला, तो कोण कोणाला म्हणतो हे कळले, की मगच स्वतः म्हणावा. पहिले प्रयोग छोटे आणि बिनधोक असावेत. कामाचा आढावा देताना ‘सो फार सो गुड’, मोठी हकीकत आवरती घेताना ‘लाँग स्टोरी शॉर्ट’, पाळी संपवताना ‘लेट्स कॉल इट अ डे’, बरे वाटत नसेल तर ‘आय अ‍ॅम अंडर द वेदर’. हे चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही. एका बोलण्यात एक पुरे. मुलाखतीत पाठ केलेले चार एकापाठोपाठ आले की समोरच्याला पाठांतर ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. आणि तक्रार, पैसा, अपघात, गंभीर आजारपण यांबद्दल बोलताना वाक्प्रचार बाजूला ठेवून साधे इंग्रजी बोलावे. डिस्पॅचवरच्या त्या मुलाने पुढे साध्या वाक्यांत, तारखांसह पुन्हा लिहिले, तेव्हा त्याला बोलावून घेतले गेले.

प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचारापुढे आम्ही मराठी जोड शोधला आहे. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याची १८५७ ची वाढवलेली आवृत्ती, तसेच य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा दोन भागांतला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश हाताशी होते. मोल्सवर्थ चाळताना वाटत राहते की या परक्या माणसाने मराठी वाक्प्रचारांसाठी जेवढे कान टवकारले, तेवढे आपण त्याच्या भाषेसाठी टवकारले तर काय कठीण आहे? आगरी रूपे घराघरांतल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून घेतली. मुले त्यासाठी आजीपाशी जाऊन बसली, याचा मला पुस्तकापेक्षाही जास्त आनंद आहे. काही ठिकाणी जोड मिळाला नाही. आपल्या ‘भिजत घोंगडे’ला इंग्रजीत पुरता जोड नाही. ‘ऑन द बॅक बर्नर’ म्हणजे मुद्दाम मागे ठेवलेले काम. घोंगडे नुसते मागे नसते, ते भिजून जड होत असते. अशा ठिकाणी जागा रिकामीच सोडली आहे, ओढूनताणून काही बसवलेले नाही.

बायकांना, अपंगांना किंवा एखाद्या जमातीला कमी लेखणारे वाक्प्रचार घेतलेले नाहीत. ते कानावर पडतील, पण ते वापरायला शिकवण्याचे काम आमचे नाही.

फसव्या जोडांनंतरचे पुस्तक अकारविल्हे नाही, कामाच्या क्रमाने आहे. कामावर हजर होणे, माल उतरवणे, फोनवर बोलणे, मेल लिहिणे, सुट्टी मागणे, तक्रार करणे, मुलाखत देणे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन पाने कोरी आहेत. कामावर नवा वाक्प्रचार ऐकलात तर तिथे लिहा. तो कोण कोणाला आणि कशावरून म्हणाला हेही त्याच ओळीत लिहा, आणि पुढच्या वर्गाला येताना पुस्तक बरोबर आणा.

राहनाळ, ता. भिवंडी, जि. ठाणे